तुरटीचे खडे

२ ऑक्टोबर २०२३, सोमवार
छत्रपती संभाजीनगरच्या सातारा परिसरात शेठच्या साइट ऑफिसात सिनेमाची बैठक. बजेट ३८ लाख. हातात १९. बाकीचे प्लॉट विकले गेले की, म्हणजे दिवाळीनंतर. कोणत्या सालची दिवाळी ते विचारलं नाही.

गोष्ट पक्की. रिक्षावाला. त्याचा धाकटा भाऊ एमडीपायी, म्हणजे मेफेड्रोनपायी, जातो. रिक्षावाला पुडी विकणाऱ्या पोरापासून सुरुवात करतो नि एकेकाला संपवत वर चढतो. सात खून, दोन गाणी. शेठना आठवा खून हवाय. "पब्लिकचे पैसे वसूल झाले पाहिजेत."

३ ऑक्टोबर
पुण्यात ससूनमधून ड्रग्ज प्रकरणातला ललित पाटील पळाला. काल संध्याकाळी. कैदी म्हणून भरती होता. दोनच दिवसांपूर्वी त्याच दवाखान्याच्या दारात दोन कोटींची एमडी सापडलेली. डायरेक्टरचा फोन : असा सीन घालू या का?
नको म्हटलं. कोणाला पटणार नाही.

५ ऑक्टोबर
प्रॉप. मैदा कॅमेऱ्यात मैदाच दिसतो. टाल्कम उडते. शेवटी तुरटी. शहागंजातून दोन किलो आणली, खलबत्त्यात कुटली, चाळली. उजेडात खडे चमकतात. नाकाने ओढायच्या शॉटला ग्लुकोज. दोन्ही डब्यांवर मोठ्या अक्षरात नावं घाल म्हणून स्पॉटच्या पोराला, र.ला, सांगितलं. त्याने तुरटीच्या डब्यावर कवटी काढली. हात चांगला आहे पोराचा. वय एकोणीस.

रक्त : साखरेचा पाक, खायचा लाल रंग, चिमूटभर कॉफी. मुंग्या लागतात.

७ ऑक्टोबर, शनिवार
नाशिकजवळ शिंदे गावात एमडीचा कारखाना. साकीनाका पोलिसांनी मुंबईहून येऊन पकडला. ३०० कोटींचा माल म्हणतात. आमच्या अड्ड्यात लाल दिवा आहे, धूर आहे, छताला साखळ्या लोंबतात. साखळ्या कशाला, असं आर्ट डायरेक्टरला विचारलं.
"माहौल."

८ ऑक्टोबर, रविवार
हडकोत जमादार काकांकडे. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, आवाज अजून ठाण्यातला. तासभर स्क्रिप्ट ऐकली. काकू मधे दोनदा चहा ठेवून गेल्या. मग म्हणाले, "तुमचा साहेब दाराला लाथ मारतो. पंच कुठंयत?"

छाप्याला आधी पंच. कोणी तयार होत नाही, कोर्टाच्या तारखा कोण खाणार? मग एखाद्या सरकारी कचेरीतले दोन कर्मचारी पकडून आणायचे. मग वजनकाटा. लाख, सुतळी, मेणबत्ती, पितळी सील. अंगझडतीआधी आरोपीला कलम ५० समजावून सांगायचं : तुझी झडती राजपत्रित अधिकाऱ्यासमोर किंवा मॅजिस्ट्रेटसमोर व्हावी, असं मागायचा तुला हक्क आहे. सूर्य मावळल्यावर बिगर वॉरंट घुसायचं तर कारण आधी लिहून काढायचं. यातलं एक राहिलं की वकील बरोबर तिथेच बोट घालतो.

"पन्नास ग्रॅम एमडी झाली की कमर्शियल. जामीन सोपा नाही. पण पंचनामा कच्चा असला तर पन्नास किलो धरून काय उपयोग? आणि २०१५च्या फेब्रुवारीपर्यंत तर एमडी त्या कायद्यात बसतच नव्हती."

रात्री वजनकाट्याचा सीन लिहिला. पाच पानं. एक माणूस पुड्या मोजतो, दुसरा लिहितो, तिसऱ्याला घरी जायचंय. मला आवडला. डायरेक्टर म्हणाला, यात फाइट कुठे आहे.

११ ऑक्टोबर
फाइट मास्टर मालेगावहून आले. एक गादी, चार पोरं, स्वतःचा थर्मास. नासिर शेख यांच्या 'मालेगाव के शोले'चा विषय काढला तर खुलले. घोडे परवडत नव्हते, डाकू सायकलवर आणले. "बजेट नहीं था, इसलिए दिमाग था।"

आमच्या गोष्टीत धाकटा भाऊ आधी बटन खातो, मग एमडीवर जातो. मास्टर म्हणाले, "तुम्हारे इधर बटन, हमारे यहाँ कुत्ता गोली। चीज वही।" झोपेची गोळी. डॉक्टरने लिहून दिली तर औषध.

१४ ऑक्टोबर, शनिवार
वर्ल्ड कप. पाकिस्तान १९१. काम शून्य.

१५ ऑक्टोबर
घटस्थापना. मुहूर्त. शेठच्या आईच्या हस्ते नारळ.

पाट्यांचा घोळ निघाला. ऑगस्टमध्ये काढलेल्या शॉट्समध्ये सगळीकडे औरंगाबाद. गेल्या महिन्यात राजपत्र निघालं, पाट्या भराभर रंगल्या. स्टेशनवर अजून जुनं नाव. हिरो औरंगाबादला रिक्षात बसतो नि छत्रपती संभाजीनगरला उतरतो, मधे कट एकच. असिस्टंट म्हणतो, लोक समजतील ट्रॅफिक होतं.

१७ ऑक्टोबर, मंगळवार
पावसातली फाइट. गल्ली मुकुंदवाडीतली. दहा हजार लिटरचा टँकर सांगितलेला. लाइटच्या पोरांनी ठिबकच्या नळ्यांना भोकं पाडून दोन गच्च्यांच्या मधे बांधल्या. पाऊस झकास. पहिल्या टेकला हिरोने पहिला ठोसा मारला आणि फ्रेममध्ये एक बाई आली. हातात हंडा. तिच्यामागे दुसरी. मग बादल्या, कळशा, रंगाचे रिकामे डबे. कॅमेरामन 'कट, कट' ओरडतोय. कोणी हलेना. गल्लीत नळाला पाणी येऊन आठवडा उलटलेला, आणि आम्ही आभाळातून सांडतोय. एका आजीने बरोबर हिरोच्या मार्कवर पिंप आणून ठेवलं.

शेठ फोनवर : पोलीस बोलवू का?
मास्टरनी गादी गुंडाळली, पिंपाजवळ जाऊन बसले. "पहले इनका भर जाने दो।"

टँकर वाटून टाकला. तीन-चार हजार लिटर नुसतं खाली गेलं होतं, त्याचा चिखल झाला होता. त्यात फाइट घेतली. पावसापेक्षा बरी झाली. रक्त लावायची गरज पडली नाही, नुसत्या चिखलानेच माणूस मार खाल्लेला दिसतो.

नंतर ज्यांच्या ओसरीवर सामान ठेवलं होतं त्या मावशींनी चहा केला. सगळ्या युनिटला. आजच मिळालेल्या पाण्याचा.
"ह्यो कोनाला मारतोय?"
"पुडीवाल्याला. मग त्याच्या वरच्याला. मग त्याच्या वरच्याला."
"आन् बाजूच्याला?"
मला कळलं नाही. मावशींचं लेकरू बटन खात होतं. केंद्रात ठेवलं, सुटलं, आता वाळूजला कंपनीत जातं. गोळ्या आणून देणारा कोण, तर मावशींच्या सख्ख्या भावाचा मुलगा. स्वतःला लागायच्या, त्यातल्या चार याला द्यायचा, पैसे घ्यायचा, त्यातून आपल्या आणायचा. भाऊ दरवर्षी राखीला येतो. ते पोरगंही येतं.
"मंग काय करू? ववाळते."
कप गोळा करून आत गेल्या.

१८ ऑक्टोबर
ललित पाटील सापडला. दक्षिणेत. डायरेक्टर नाराज, पाठलाग असा झालाच नाही म्हणून.

१९ ऑक्टोबर
औरंगपुऱ्यात मित्राचं मेडिकल. नायट्राझेपाम, अल्प्राझोलाम : एच-वन. वेगळं रजिस्टर. डॉक्टरचं नाव, पेशंटचं नाव, किती दिल्या. तीन वर्षं जपायचं. त्याने रजिस्टर काढून दाखवलं, वर हळदीकुंकू वाहिलेलं. माझ्यासमोर एक पोरगा चिठ्ठी घेऊन आला. झेरॉक्स. तारखेच्या जागी पांढरं लावून नवी तारीख. मित्राने परत दिली. पोरगा भांडला नाही, काही नाही. पुढच्या दुकानाकडे निघाला.

माझ्या यादीत आता झेरॉक्सवालासुद्धा आला. दोन रुपयांचा धंदा. हिरो त्याला मारेल का?

शेठना हे सांगितलं. "झेरॉक्सवाला नको. पब्लिकला चीड येत नाही."

२० ऑक्टोबर
नाइट शिफ्ट. बिडकीनजवळची बंद जिनिंगची शेड. रिफ्लेक्टरला टेकून र. झोपलेला. दोन हाकांना उठला नाही. पहाटेचे चार, सगळेच पेंगलेले.

२१ ऑक्टोबर
एका लाइटवाल्याच्या पाकिटातून बाराशे गेले. आरडाओरडा. डायरेक्टरने स्वतःचे दिले.

२२ ऑक्टोबर, रविवार
मॅच. न्यूझीलंड. कोहली ९५ वर गेला तेव्हा सगळे कपाळ धरून बसले आणि तेवढ्यात असिस्टंटचा मोबाइल वाजला. कांचनवाडी. कोकेन. कोणाला खरं वाटेना. कोकेन इथं? इथं प्यायला पाणी नाही.

२३ ऑक्टोबर
खरं आहे. डीआरआय, म्हणजे महसूल गुप्तचरवाले, आणि अहमदाबाद क्राइम ब्रँच. अहमदाबादहून. घरातून २३ किलोवर कोकेन, २.९ किलो एमडी, ३० लाख रोख. पैठणला महालक्ष्मी इंडस्ट्रीजमधून साडेचार किलो एमडी, ४.३ किलो केटामाइन, शिवाय एमडीचंच ९.३ किलो मिश्रण. किंमत २५० कोटींच्या वर. सूत्रधार म्हणून धरलेला माणूस केमिकल इंजिनिअर.

शेडवर जाताना रोज कांचनवाडीतून जातो. परवा तिथेच थांबून वडापाव खाल्ला. डिकीत तुरटीचे डबे. कोणी झडती घेतली असती तर आधी कवटी दिसली असती.

जमादार काकांना फोन केला. बराच वेळ गप्प. मग : "पंच कुठले घेतले असतील?"

शेडवर पोचलो तर साखळ्या उतरवलेल्या. आर्ट डायरेक्टरला कोणी सांगितलं नव्हतं. लाल दिवाही काढला. आता ट्यूबलाइट, टेबल, हजेरीचं रजिस्टर, भिंतीवर देवीचं कॅलेंडर. एवढ्याने शेड जास्त वाईट दिसायला लागली. डायरेक्टरलाही दिसलं ते. पहिल्यांदाच आमचं एका गोष्टीवर जमलं.

मग व्हिलन. मी म्हटलं, मिशी नको. इन केलेला शर्ट, डबा, वेळेवर घरी जाणारा माणूस. नट आमच्याच नाट्यशास्त्र विभागातला, माझ्या पुढच्या बॅचचा. तीन महिने मिशी वाढवलेली. जेवला नाही.

२४ ऑक्टोबर
दसरा. खंडेपूजन : रबरी चाकू, छऱ्याची पिस्तुलं, क्लॅप, कॅमेरा, झेंडू. र.ने वजनकाटाही पुसून मांडला. सीन तर कटलाय.

२६ ऑक्टोबर
मराठा आरक्षणासाठी जरांगे पाटलांचं उपोषण कालपासून पुन्हा सुरू, अंतरवाली सराटीत. गावोगाव पुढाऱ्यांना बंदीचे बोर्ड. वेशीवर आमच्या व्हिलनची भाड्याची पांढरी स्कॉर्पिओ पोरांनी अडवली. आमदार समजले. काच खाली केली तर आत मिशी. संशय पक्का. स्पॉटच्या टेम्पोतून क्लॅप आणून दाखवावा लागला.

मिशी संध्याकाळी गेली.

२८ ऑक्टोबर
कोजागिरी आणि मध्यरात्रीनंतर ग्रहण. दूध लवकर आटवून घेतलं, शेठकडून, केशराचं. उजेड इतका की नाइट सीनला दोन लाइट कमी लागले.

रिफ्लेक्टरच्या पिशवीत गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या. खिशात घातल्या. कोणाला दाखवल्या नाहीत.

२९ ऑक्टोबर
पट्ट्या घरी टेबलावर. नावं वाचली. मित्राच्या रजिस्टरमधलीच. आईने विचारलं, तुला झोप येत नाही का रे?

३० ऑक्टोबर
पैठण एमआयडीसीत दुसरा कारखाना. १०७ लिटर. लिटर! पातळ एमडी, १६० कोटींची. आर्ट डायरेक्टरने गंभीरपणे विचारलं, तुरटी विरघळवू का?

बीडमध्ये जाळपोळ. एसटी बंद. ज्युनिअर आर्टिस्ट आले नाहीत. एमडीची बातमी आतल्या पानावर सरकली.

हिरो येऊन बसला शेजारी. म्हणाला, सर, मी शेवटी याला मारतो, बरोबर? पण याला मारलं तर उद्या कारखाना बंद राहतो का? शेठच्या नात्यातला आहे, अभिनयाची बोंब आहे, पण प्रश्न एवढा सरळ या युनिटमध्ये दुसऱ्या कोणी विचारला नव्हता. सुडाच्या सिनेमात दोषाला एक गळा लागतो, दोन हातांत मावणारा. इथे केमिकल शिकलेला एक, कुरिअर एक, शेड भाड्याने देणारा एक, चिठ्ठीवाला, झेरॉक्सवाला, आतेभाऊ-मामेभाऊ. प्रत्येकाकडे थोडा थोडा. एवढं त्याला सांगत बसलो. तो म्हणाला, "म्हणजे मारायचं ना?"

१ नोव्हेंबर
इंटरनेट बंद. फुटेज पाठवता येत नाही. बरं वाटलं.

३ नोव्हेंबर, शुक्रवार
उपोषण काल सुटलं. युनिट पूर्ण. शिडीवरून र. पडला. दहा फूट. लाइट हातात होता, तो सोडला नाही. एका लाइटवाल्याने आधी लाइट तपासला, मग र.च्या दोन थोबाडीत दिल्या. "झोपतो साला!" तिसरी मास्टरनी धरली.

घाटीत. कॅज्युअल्टी. कपाळावर टाके. तिथल्या डॉक्टर मुलीने विचारलं, काय घेतो हा? आम्ही चौघे उभे. चौघांनीही खाली पाहिलं. खिशातल्या पट्ट्या मी तिला दिल्या.

वडील आले. वॉचमनचा युनिफॉर्म. मुलाकडे पाहिलं, मग मला बाजूला घेतलं. "शूटिंगमध्ये लागलं ना, साहेब? शूटिंगमध्येच लागलं म्हणा."

घरी सोडताना गाडीत र.ने एक नाव सांगितलं. कोण देतो त्याचं. मी विचारलं नव्हतं. नाव आमच्याच युनिटमधलं. इथे लिहीत नाही.

४ नोव्हेंबर
डायरेक्टरला सांगितलं. "दोन दिवस राहिलेत. लाइट कोण मारणार?"
शेठना सांगितलं. "पोलीस नको. शेड आपल्या नावावर आहे."
जमादार काकांना नाही सांगितलं.

५ नोव्हेंबर
क्लायमॅक्स. बिनमिशीचा व्हिलन टेबलामागे, डबा उघडलेला. हिरो गळा धरतो. "तुझ्या वर कोण?" मी इथे व्हिलनला उत्तर लिहिलंच नव्हतं. नटाने स्वतःहून घातलं : "जेवून घेऊ का?" सगळं युनिट हसलं. डायरेक्टरनेही ठेवलं.

मग आठवा खून.

हिरोच्या चेहऱ्यावरचा लाइट त्यानेच धरला होता. हात अजिबात हलला नाही. उजेड छान पडला.

मास्टर रात्रीच्या गाडीने गेले. जाताना चारपैकी एका पोराला त्याच्याकडे बोट दाखवून काहीतरी सांगत होते. त्यांना कसं कळलं कोण जाणे.

९ नोव्हेंबर
लाइटचा हिशोब मिटला. त्याने सही केली, पेढा दिला. मुलगी झालीय.

१२ नोव्हेंबर
लक्ष्मीपूजन. प्लॉट गेले नाहीत.

१४ नोव्हेंबर, पाडवा
र.च्या घरी गेलो. मुकुंदवाडीच्या मावशींना विचारून केंद्राचा पत्ता घेतला होता, तो द्यायला. आईने फराळ ठेवला. वडील म्हणाले, तो गावी आहे. आतल्या खोलीत पंखा चालू होता. पत्ता ताटाखाली ठेवून आलो.

२० नोव्हेंबर
डबिंग. काल फायनल हरलो, सगळ्यांचे आवाज बसलेले. हिरोच्या किंकाळ्या फुकटात बऱ्या मिळाल्या. ठोशांसाठी ओला टॉवेल आणि कोबीचा गड्डा. कोबी नंतर स्टुडिओवाल्याने घरी नेला.

२४ नोव्हेंबर
सेन्सॉरचा अर्ज. सिगारेटचा इशारा, नशेचा इशारा. 'उडता पंजाब'च्या वेळी २०१६ साली प्रकरण हायकोर्टापर्यंत गेलं होतं, डझनभर कटांची मागणी एका कटावर आली. शेठना ते ऐकून हुरूप आला, आपलंही हायकोर्टात जाऊ दे म्हणतात, फुकट पब्लिसिटी. शिवाय अनुदान : ब दर्जा मिळाला तरी ३० लाख. आठ खुनांना ब दर्जा मिळतो का, त्यांनी चौकशी लावलीय.

कथासार मागितलंय, थोडक्यात. तीनदा लिहिलं. वजनकाटा, झेरॉक्स, राखी, काही बसत नाही. शेवटी : 'भावाच्या मृत्यूचा सूड घेणाऱ्या तरुणाची थरारक कहाणी.'

२७ नोव्हेंबर
श्रेयनामावली तपासतोय. र.च्या वडिलांचा फोन. पाटीवरून त्याचं नाव काढा. बहिणीचं जमवतायत, पाहुण्यांनी पाहिलं तर विचारतील, या सिनेमात हा काय करत होता. मी म्हटलं, डबे रंगवले, काटा पुसला, लाइट वाचवला. म्हणाले, ते खरं, पण काढा.

लाइट विभागात चार नावं आहेत. चारही ठेवायला शेठचा होकार आहे. र.ची ओळ काढली तर जागा मोकळी राहते, तिथे त्यांच्या पतसंस्थेचं नाव घालायचं म्हणतात. उद्या दुपारपर्यंत फाइल पाठवायची आहे.